पाणी कोणतं होतं?

लातूर, ९ एप्रिल १९८६

चि. पंचशीला हिस,
जयभीम.

गुस्सा उतरला असंल तर आत्ता वाच. नसंल तर उतरल्यावर वाच, पण चुलीत घालू नको. दोन दुपारी घालवल्यात मी हे लिहायला.

वसतिगृहातून पेटी उचललीस अन सरळ मुखेडच्या गाडीत बसलीस. सख्खा भाऊ त्याच कॉलेजात, त्याच लॅबमधी सात वर्षांपासून अटेंडंट, अन बहीण गावी गेल्याचं त्याला परक्या पोरीनं सांगावं! शाबास बाई, शाबास.

गुरुवारी प्रॅक्टिकलला झालं ते लई वाईट झालं, मी कुठं न्हाई म्हणतो? पण परीक्षकासंगं कुणी भांडतं का? तुला कुंडीतल्या रिओच्या झाडाचं पान दिलं होतं. खालचं जांभळं सालपट काढायचं, आधी साध्या पाण्यात ठेवून पेशींची आकृती काढायची, मग मिठाच्या पाण्यात ठेवून दुसरी काढायची. साध्या पाण्यात पेशी टच्च भरलेली, जांभळा रंग पार भिंतीपर्यंत. मिठाच्या पाण्यात पेशीतलं पाणी बाहेर निघतं अन जांभळा गोळा आकसून मधी बसतो. हे मला सुद्धा पाठ हाय, अन मी दहावी नापास. बाकीच्या पंधरा जणांनी जर्नलमधी होतं तसं गुमान काढलं. तू एकटी पहिल्याच चौकटीत आकसलेल्या पेशी काढून बसलीस. वर म्हणलीस, "सर, मला हेच दिसून राहिलं. तुम्ही डोळा लावून बघा."

त्यांनी काही डोळा लावला न्हाई. "आधी बघायला शिक, मग मला शिकव," म्हणले. मग माझ्याकडं वळून विचारलं, "पाणी कोणतं ठेवलंस रे?" मी म्हणलो, "डिस्टिल्ड, सर." झालं. लाल पेनानं शून्य दिलं अन खाली शेरा मारला, 'न पाहता काढलेली आकृती'. तवा तू माझ्याकडं बघितलंस. तसं बघायची काही गरज नव्हती.

आता एकच रस्ता हाय. माफीचा अर्ज लिही अन नरसिंग सरांच्या हातात दे. ते तुमचे शिकवणारे, मनानं भले. घाईत चूक झाली म्हण, ऑक्टोबरला परत बसू देतील. अर्ज दिला न्हाईस तर वर्ष गेलंच समज, अन वर्ष गेलं की माय काय करंल ते तुला ठाऊक हाय. उमरीचं स्थळ तिनं मनातून काढलं न्हाई. बुद्धपौर्णिमेला ते लोक येणार म्हणून तिची चिठ्ठी मला येऊन पडली. बी.एस्सी.ची दोन वर्षं घासून तू उमरीला भाकरी थापायला जाणार का?

तुझ्या भाचीला, मित्राला, मधी बरं नव्हतं, आता ठीक हाय. तुझी वहिनी चांगुणा तुझी आठवण काढती. नळाला आठव्या दिवशी पाणी येऊन राहिलं. जिल्हा झाला, कलेक्टर आला, लाल दिव्याची गाडी आली, पण नळ अजून तालुक्याचाच हाय.

लवकर लिही.

तुझा दादा,
साहेबराव


लातूर, २२ एप्रिल १९८६

पंचशीला,

तुझं कार्ड मिळालं. ना जयभीम, ना खुशाली. आख्ख्या कार्डावर एकच ओळ, 'दादा, पाणी कोणतं होतं?' अगं, उघड्या कार्डावर लिहायची गोष्ट हाय का ही? पोस्टमननं ते फाटकावरच्या शिपायाला दाखवलं. दोघं मिळून मला विचारत्यात, साहेबराव, कोणत्या पाण्याचं म्हणती बहीण? मी म्हणलो, गावच्या हिरीचं.

अन दुसऱ्याच दिवशी तुझा रजिस्टर अर्ज प्राचार्यांच्या टेबलावर! 'परीक्षेच्या पाण्याची तपासणी व्हावी.' बारा मेला चौकशी ठेवली त्यांनी. भावाला एक ओळ अन प्राचार्याला दोन पानं.

बरं, ऐक. खोटं बोलत न्हाई. डिस्टिल्ड पाणी करायच्या भांड्याला नळाची धार सारखी चालू लागती, वाफ थंड करायला. आठ दिवसाला एक तास नळ, कुठून आणू धार? फेब्रुवारीपासून ते भांडं पालथं पडलंय. परीक्षेसाठी नरसिंग सरांनी बॅटरीवाल्याच्या दुकानातून एक कॅन डिस्टिल्ड आणून दिला. तो कमी पडला. म्हणून मी सरकारी दवाखान्यातल्या ओळखीच्या माणसाकडून टाकून द्यायला काढलेल्या सलाईनच्या चार बाटल्या आणल्या अन तुमच्या टेबलावरच्या बाटल्या त्यानं भरल्या.

आता तूच सांग, जे पाणी डॉक्टर माणसाच्या नसेत सोडतो त्याच्यापेक्षा शुद्ध पाणी जगात कुठलं? आपल्या गावात मरायला टेकलेला माणूस सलाईन लावलं की उठून बसतो. आबा गेले तवा माय काय म्हणून रडली? "एक बाटली चढली असती तर जगले असते." मग रिओच्या टीचभर पानाला मी ते चढवलं, तर वाईट हेतूनं चढवलं का? त्यात मीठ असतं हे मला काय ठाऊक! टँकरच्या गढूळ पाण्यापेक्षा बरं, एवढाच माझा विचार.

तुझी आकृती खरी होती हे मी मान्य करतो. पण अर्ज मागं घे. मी हात जोडून सांगून राहिलो.

एक तर माझी कायमची ऑर्डर एक जूनला निघायची हाय. सात वर्षं दर जूनला नवा कागद, दर मेला धाकधूक. दुसरं, तू पोरगी हुशार, पण हे तुझ्या ध्यानात आलेलं दिसत न्हाई. पाणी खारं निघालं तर बाकीच्या पंधरा जणांनी भरलेल्या पेशी कुठून बघितल्या? सगळ्यांनी पाठ केलेलं काढलं, हेच बाहेर येणार. त्यांच्यात मन्मथ हाय, आपल्या संस्थेच्या चिटणिसाचा पोरगा. पाण्यात राहून माशाशी वैर करायचं का आपण? ते पंधरा घरचे लोक मला फाडून खातील.

माफीचा अर्ज राहू दे. नुसता तो अर्ज मागं घे. बाकी मी बघतो.

दादा


लातूर, ६ मे १९८६

पंचशीला,

चौदा दिवस झाले, तुझं काही न्हाई. आपल्या गावचा ग्यानोबा मुखेडच्या बाजाराहून आला, तो म्हणला, तू रोजगार हमीच्या सडकेवर खडी फोडून राहिलीस, डोक्याला फडकं बांधून. मला अन्न गोड लागंना. ज्या हातानं तू सालपट काढतीस, माशीच्या पंखासारखं पातळ, त्या हातात घण! माय तरी कशी जाऊ देती?

मागल्या पत्रात मी एक गोष्ट खोटी लिहिली. कॅन कमी पडला न्हाई. कॅन मी घरी आणला होता.

परीक्षेच्या आधी, सोमवारपासून मित्राला हगवण लागली होती. दीड वर्षाचं लेकरू, टँकरच्या पाण्यानं पार पिळून निघालं. उकळायला रॉकेल नव्हतं. मंगळवारी संध्याकाळी तो कॅन माझ्या ताब्यात आला, पाणी कसं काचेसारखं! मी पिशवीत घातला अन घरी नेला. तळं राखील तो पाणी चाखील म्हणत्यात, तसा मी. चांगुणाला सांगितलं, हे कॉलेजचं पाणी, सगळ्यात शुद्ध, पोरीला दुसरं देऊ नको. तीन दिवस आम्ही तिला वाटीवाटीनं तेच पाजलं. जितकं पाजलं तितकी ती मलूल होत गेली. तुझ्या प्रॅक्टिकलच्या रात्री तिला झटका आला. डोळे पांढरे केले. मी अन चांगुणा पळत दवाखान्यात गेलो.

डॉक्टरीण बाईनं विचारलं, काय पाजत होता? मी फुशारकीनं सांगितलं, डिस्टिल्ड. तिनं मला जे झापलं, ते जन्मात विसरायचा न्हाई. "जुलाबात अंगातलं मीठ जातं. त्यात नुसतं पाणी ओतून उरलेलं पातळ केलंत. मीठ-साखरेचं पाणी द्यायचं म्हणून रेडिओवर बोंबलून सांगत्यात, कान कुठं होते?" अन मग तिनं काय लावलं ठाऊक हाय? सलाईन. मी त्या बाटलीकडं बघत रात्रभर उभा. तशाच चार बाटल्या मी कॉलेजात पानाला वाहिल्या होत्या. लेकराला पाहिजे ते पानाला दिलं, अन पानाला पाहिजे ते लेकराला!

पोरगी वाचली. आता भिंत धरून उभी राहती. पहिल्या पत्रात 'मधी बरं नव्हतं' लिहिलं होतं, ते हे.

तुझं जर्नल कपाटात राहिलंय, ते मी परवा काढून वाचलं. इंग्रजी मला झेपत न्हाई, पण कडंला तू शिसपेन्सिलीनं मराठीत लिहिलंय ना, 'पडद्यातून पाणी पातळ बाजूकडून दाट बाजूकडं जातं. पेशी ठरवत न्हाई, बाहेरचं पाणी ठरवतं.' ते वाचून मला सगळं उलगडलं. हे कुणी मला सात वर्षांत सांगितलं न्हाई, अन मी कुणाला विचारलं न्हाई.

आता मुख्य बोलतो. चिटणीस साहेब स्वतः घरी आले होते. मोडक्या खुर्चीवर बसले, चांगुणाच्या हातचा चहा प्याले. तू अर्ज मागं घेत न्हाईस म्हणल्यावर त्यांनी तोडगा आणला. मी लिहून द्यायचं की पाणी बरोबर होतं. पोरगी घाबरली, तिची स्लाईड वाळली, म्हणून चूक झाली. त्यावर कॉलेज विद्यापीठाला कळवणार, गरीब घरची पोरगी हाय, सहानुभूतीनं पास करावं. तू पास, ते पंधरा पास, माझी ऑर्डर एक जूनला हातात. कुणाचंच काही जात न्हाई.

मी सही केली.

नीट विचार कर, मग शिव्या दे. तुझं वर्ष वाचतं. उमरीवाल्यांना माय न्हाई म्हणू शकती. माझ्या घरात कायमचा पगार येतो. 'न पाहता काढलेली' हा शेरा तेवढा कागदावर राहतो. कागद कोण बघतो गं? मार्कलिस्टवर शेरा छापत न्हाईत.

एक ओळ तरी लिही. शिवी लिही, पण लिही.

दादा


लातूर, १३ मे १९८६

पंचशीला,
जयभीम.

तुझं कार्ड शनिवारी आलं. पोस्टमनच्या हातातून घेऊन तिथंच उलटलं. 'एक लिटर उकळलेल्या पाण्यात आठ चमचे साखर, एक चमचा मीठ. चमचा सपाट. चव बघून द्यायचं, डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट नको. एक दिवसाच्या वर ठेवायचं न्हाई. मित्राला जपा.' बस. माझ्या सहीबद्दल एक अक्षर न्हाई. खाली नाव सुद्धा न्हाई.

चांगुणानं ते कार्ड चुलीच्या वर भिंतीला लावलं. मी दोन दिवस जेवताना त्याच्याकडं पाठ करून बसलो.

काल चौकशी झाली. लॅबमधीच टेबलं सरकवून बसले होते, प्राचार्य, चिटणीस, नरसिंग सर अन तेच परीक्षक. पंधरा जण भिंतीला उभे. माझा सहीचा कागद चिटणीस वाचायला लागले. दोन ओळी झाल्या असतील, मी म्हणलो, "साहेब, तो कागद खोटा हाय. बाटल्यात सलाईन होतं." माझा आवाज एवढा बारीक निघाला की प्राचार्य म्हणले, काय? मग मी ओरडूनच सांगितलं.

चिटणिसाचं तोंड बघायला पाहिजे होतंस. पण बिलंदर माणूस, लगेच सावरला. म्हणला, "अडाणी माणूस हाय, त्याला काय फरक कळतो? अजाणता झालं असंल, सोडून द्या." प्राचार्यांनी पण मान हलवली. अजाणता म्हणलं की माझी नोकरी वाचत होती, पंचे. नुसतं खाली मान घालून उभं राहायचं होतं.

पण परीक्षक काही हटंना. ते म्हणले, "असंल सलाईन. सलाईन इतकं खारट नसतं. एवढ्यानं पेशी आकसल्याच असतील याला पुरावा काय? पंधरा जणांना भरलेल्या दिसल्या, एकीला आकसलेल्या. त्या दिवशी त्या पाण्यातली स्लाईड दुसऱ्या कुणी बघितली का?" नरसिंग सरांनी पोरांकडं बघितलं. पंधराच्या पंधरा जण पायाच्या अंगठ्याकडं बघत उभे.

मी म्हणलो, "मी बघितली."

परीक्षक हसले. "तुला काय दिसतं त्यात?"

माझं डोकंच फिरलं. पंचे, तुला मायक्रोस्कोपची मूठ फिरवायला कुणी शिकवलं? अकरावीच्या सुट्टीत, याच टेबलावर? मी कपाटातून तळाला सलाईन उरलेली बाटली काढली, कुंडीतलं रिओचं पान तोडलं, सालपट काढलं, थेंब टाकला, वर काच ठेवली. एक बुडबुडा आला न्हाई. पाच मिनिटं थांबलो. मग फोकस केला अन पाठकोऱ्या कागदावर दिसलं ते काढलं. दहातल्या सहा-सात पेशी आकसलेल्या, कुठं गोळा एका अंगाला, कुठं मधोमध, बाकीच्या भरलेल्या. नरसिंग सरांनी डोळा लावला. प्राचार्यांनी लावला. शेवटी परीक्षकांनी लावला, लई वेळ लावला. मग सरांनी तुझी उत्तरपत्रिका माझ्या कागदाशेजारी ठेवली. तुझी आकृती सुबक अन माझी वाकडीतिकडी, पण बाकी तेच. तू तर एक अर्धवट आकसलेली पेशी सुद्धा सोडली नव्हतीस.

मग प्राचार्य हळूच म्हणले, "साहेबराव, परीक्षेच्या दिवशी तू हे कधी बघितलंस?"

"सकाळी सात वाजता, साहेब. पोरं यायच्या आधी. मी दर परीक्षेला एक स्लाईड लावून बघतो."

"मग तुला कळलं होतं?"

"कळलं होतं. कामून होतं ते न्हाई, पण पाणी चुकलंय एवढं कळलं होतं."

"मग बदललं का न्हाईस?"

"बदलायचं पाणी माझ्या घरी होतं, साहेब. अर्धा कॅन. आणायला गेलो असतो तर चोरी उघडी पडली असती."

तिथंच 'अजाणता' संपलं. मला आजपासून कामावरून कमी केलं. प्राचार्य ऑर्डर लिहीत होते तवा नरसिंग सरांनी खिडकीबाहेर बघितलं. व्हरांड्यात मन्मथनं मला गाठलं अन म्हणला, "काका, मला पण तसंच दिसलं होतं." मी म्हणलो, "मग तवा दातखीळ बसली होती का रे?" बिचारा रडायला लागला. त्याच्यावर ओरडायचा मला काय हक्क, तू सांग.

तुझं शून्य खोडलं. शेरा पण खोडला, सगळ्यांच्या सह्या घेऊन. सोळाच्या सोळा जणांची परीक्षा परत हाय, दोन जूनला सकाळी आठ वाजता, परीक्षक दुसरे. त्यांना विद्यापीठानं तार केली. तुला कॉलेजचं पत्र येईल, पण आपल्या पोस्टाचा भरोसा न्हाई, म्हणून हे मुखेडच्या गाडीच्या कंडक्टरच्या हातात देऊन राहिलो.

कामाची फिकीर करू नको. बॅटरीवाल्याला माणूस पाहिजे हाय, तो मला ओळखतो. चांगुणानं काल रात्री ताट आपटलं, आज नीट वाढलं.

एक गोष्ट काल सगळ्यांसमोर सांगितली, पण तुला अजून सांगितली न्हाई, अन ती तुला दुसऱ्याच्या तोंडून कळावी असं मला वाटत न्हाई. त्या दिवशी परीक्षक तुला खोटारडी म्हणत होते तवा तू खरी हायेस हे त्या खोलीत एका माणसाला पक्कं ठाऊक होतं. त्यानं स्वतःच्या डोळ्यानं बघितलं होतं. तो तुझ्या पाठीमागं बाटली धरून उभा होता. तू वळून माझ्याकडं बघितलंस ते मला सोडव म्हणून, अन मी म्हणलो, डिस्टिल्ड, सर.

याला माफी मागायची सोय न्हाई, म्हणून मागत न्हाई. तू माझ्या घरी उतरणार न्हाईस हे धरून चालतो. वसतिगृहाच्या बाईंना भेटून तुझी खाट राखून ठेवलीय. जर्नल त्यांच्याकडं दिलंय. मायला वेगळं लिहिलंय, उमरीच्या लोकांना पौर्णिमेला येऊ नका म्हणून कळव. तिनं ऐकलं तर ठीक. न्हाई ऐकलं तर तिला न सांगता गाडीत बस, तुला ते जमतं, पण दोन तारखेला आठ वाजता टेबलाशी उभी राहा.

साहेबराव